1522 फुटांच्या खाली

शुक्रवार

संभाजीनगरहून पैठणपर्यंत सायकलीनंच जाऊ, हा ओजसचा हट्ट मामांनी चहा संपायच्या आत मोडीत काढला. "बिडकीनला कंटेनर, ढोरकीनच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या, आणि मधी आपण. कशाला?" सायकल चालवायची ती पैठणच्या पुढं, जिथं गाडीनं जायला कुणाला कारणच नाही अशा वाटेवर, असं त्यांचं म्हणणं. मामांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, कालवा निरीक्षक म्हणून. त्यामुळे या भागात रस्ता ठरवायचा अधिकार आपोआप त्यांच्याकडे जातो.

एका भाजीवाल्याचा छोटा हत्ती पैठणला रिकामा जात होता. त्यात सायकली उभ्या करून दोरीनं आवळल्या. मामांची जुनी, दांडीची. माझी पुढं टोपली असलेली. ओजसची जाड टायरांची, गिअरवाली. तिच्या किमतीत आपल्या काळी बैलजोडी यायची, हे मामा वाटेत पुन्हा पुन्हा सांगत होते. नाथषष्ठीला अजून महिना होता म्हणून मंदिराजवळ खोली सहज मिळाली. फाल्गुनात दिंड्या उतरल्या की पैठणमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

ऊन उतरल्यावर जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावर गेलो. रब्बीची पाळी, म्हणजे पिकांना पाणी सोडायची फेरी, सुरू होती, त्यामुळे कालवा काठोकाठ नसला तरी चांगला भरून वाहत होता. कडेनं मुरमाचा रस्ता. हा रस्ता खात्याच्या माणसांनी कालव्यावर नजर ठेवावी म्हणून केलेला. त्याच्या तोंडाशी मोठ्या गाड्या अडवायला आडवा लोखंडी पाईप टाकलेला होता. मोटारसायकली तेवढ्या खालून वाकून निघतात. तासाभरात तीनचार दिसल्या असतील, त्यातल्या एकीवर दुधाच्या किटल्या आणि एकीवर नवरा, बायको, शेळी.

ओजसला पहिल्या दहा मिनिटांतच शंका आली. गिअर बदलायची वेळच येत नव्हती. मामा खूश झाले. "अरे, पाण्याला चढ चढता येत नाही. कालवा काढायचा म्हणजे जमिनीचा उतार धरून, अगदी कळंल न कळंल असा उतार देत न्यायचा. पाणी जसं जातं तसा रस्ता जातो. असाच गेलास तर 208 किलोमीटर, जालना करून परभणीपर्यंत." उजवा कालवा 132 किलोमीटरचा, तो बीडकडे जातो. दोन्ही आकडे त्यांनी इतक्या सहज सांगितले की विचारलं असतं तर कालव्यातून फुटणाऱ्या प्रत्येक चारीचा नंबरही सांगितला असता. विचारलं नाही. त्यांनी तरी सांगितलेच थोडे.

जायकवाडी हे नाव पैठणच्या धरणाला कसं, हे मात्र मीच विचारलं. पैठणच्या आसपास या नावाचं गाव नाही. मामा म्हणाले, धरण मुळात खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी बांधायचं होतं. ती कल्पना निजामाच्या काळातली. नंतर जागा वर सरकून पैठणला आली आणि कागदावरचं नाव तेच राहिलं. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जलाशयाला नाथसागर म्हणतात, पण मामांच्या तोंडी तो शब्द कधी येत नाही. ते "तलाव" म्हणतात. एवढ्या पाण्याला!

परतताना वारा समोरून. सपाट मुलखात वाऱ्याला अडवायला काही नसतं, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही.

शनिवार

पहाटे निघालो तेव्हा हात हँडलवर गारठत होते. सुरुवातीचा थोडा भाग मोठ्या रस्त्यानं जावं लागतं, त्याला इलाज नाही. पिंपळवाडीच्या अलीकडे डावीकडे वळलो आणि ट्रकचा आवाज मागं राहिला.

पूर्वेकडच्या काठानं सकाळी जावं, हे पक्षी पाहणारे सगळे सांगतात. सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या पाण्यावरचा पक्षी न पक्षी उजेडात असतो. संध्याकाळी तोच काठ डोळे दिपवून टाकतो, बदकं नुसते काळे ठिपके दिसतात. ज्यांना एकच वेळ जमणार असेल त्यांनी झोप मोडावी.

गावाची शेवटची घरं संपली आणि रस्ता डांबराचा मातीचा झाला, मग उसातून गेला, मग हरभऱ्यातून. एका ठिकाणी मामा उतरले. बांधावर एक दगड होता, अर्धा मातीत. "इथपर्यंत संपादन. तलाव समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर गेला की भरला म्हणायचा. याच्या पुढची सगळी जमीन त्या 1522 च्या खालची. आता आपण तलावात आहोत."

आजूबाजूला गहू होता.

ही गोष्ट समजून घ्यायला मला पूर्ण सकाळ लागली. धरणाची भिंत जवळजवळ 10 किलोमीटर लांब आहे, 27 दरवाजे आहेत, पण मागचा जलाशय खोल नाही. गोदावरी इथं दऱ्याखोऱ्यांतून येत नाही, सपाट काळ्या रानातून येते. त्यामुळे अडवलेलं पाणी वर चढण्याऐवजी बाजूला पसरलं, साधारण 55 किलोमीटर लांब आणि कुठं कुठं 27 किलोमीटर रुंद. ताटात पाणी ओतावं तसं. एकूण साठा 102 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यातून सोडता न येणारं तळाचं पाणी. एवढ्या उथळ ताटात पाणी हातभर उतरलं तरी काठ दूर सरकतो. ऑक्टोबरात जिथं लाट आपटते तिथं फेब्रुवारीत माणूस हरभरा खुरपत असतो.

मामांच्या लेखी हा धरणाचा मोठा दोष. एवढं पसरट पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन जातं, आणि ते जाताना बघत बसण्यापलीकडे खात्याच्या हातात काही नसतं. पण हीच सपाटी पक्ष्यांना पाहिजे असते. पाय बुडतील एवढंच पाणी, चोच पोचेल एवढाच चिखल. 1986 साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 341 चौरस किलोमीटर. आणि तीच सपाटी सायकलीलाही पाहिजे असते. कालव्यावरून येताना मामांनी उताराचं गणित सांगितलं होतं, इथं तर गणितच उरलं नव्हतं.

दगडाच्या पुढं गेलो तर मातीच्या वाटेतून मधूनच डांबर दिसायला लागलं. तुकड्या-तुकड्यानं, मधे चार हात गाळ, पुन्हा डांबर. दोन्ही बाजूंना जुन्या बाभळींचे वाळलेले बुंधे एका ओळीत. हा जुना रस्ता. धरणानं शंभरावर गावांची जमीन घेतली, त्यातली कितीतरी गावं घरादारांसकट उठली आणि वर येऊन त्याच नावानं पुन्हा वसली. रस्ते कुणी उचलून आणत नाही. ते वर्षातले काही महिने पाण्याखाली राहतात आणि पाणी उतरलं की बाहेर येतात. कुठं जात नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर गाड्या नाहीत. मी आजवर चालवलेल्या रस्त्यांत हा सगळ्यात मोकळा, आणि तो मोकळा असण्याचं कारण ठाऊक झाल्यावर त्यावर मजेत शीळ घालत जाणं जरा जड गेलं. ओजस मात्र दोन्ही हात सोडून चालवत होता. त्याच्या वयाला तेच बरोबर आहे.

पाण्याच्या कडेला पहिले भेटले ते शेकाटे, लाल काड्यांवर उभे. मग तुतवार, शेपटी सारखी वरखाली. पाणथळीत थापट्या बदकांचा एक घोळका गोल गोल फिरत होता. एकानं पायानं ढवळलेलं पाणी मागच्यानं चोचीत घ्यायचं, असा सगळ्यांचा मिळून धंदा. लांब चांदव्यांचा काळा पट्टा. त्यांच्यावर दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी येऊन घिरट्या घालायला लागला तसा तो विखुरलेला पट्टा क्षणात आवळला गेला. चक्रवाकांच्या जोड्या काठावर, नारिंगी, आणि आवाज मात्र रुसलेल्या कर्ण्यासारखा. रोहित (फ्लेमिंगो) दिसले, पण फार आत. दुर्बिणीतून पांढरट रेघ, आणि रेघ उडाली तेव्हा तिचा गुलाबी रंग कळला. रोहितांसाठी म्हणून येणाऱ्यांनी एवढ्यावर समाधान मानायची तयारी ठेवावी. त्यांना उथळ पाणी लागतं आणि ते पाणी दर वर्षी वेगळ्या ठिकाणी असतं.

एक गंमत लक्षात आली. चालत्या सायकलीला पक्षी भीत नाहीत. मान वर करतात, बघतात, पुन्हा खायला लागतात. ब्रेक दाबून एक पाय जमिनीवर टेकला की चालायला लागतात. दोन्ही पाय टेकले की उडाले. ओजसनं हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मग मीच रागावले. मामांचं स्पष्टीकरण असं, की इथून रोज शेतकरी आणि मासे धरणारे भोई सायकलीवर, मोटारसायकलीवर जातात, त्यांचं पक्ष्यांना काही नाही. जो थांबतो तो दगड मारायला किंवा फटाका लावायला थांबतो.

फटाके लावणारा पुढं भेटलाच. हरभऱ्याच्या कडेला बाजेवर बसला होता, हातात सुतळी बॉम्बचं पाकीट.

"कुठले हो? सायकलीवर काय हिंडू राह्यले?"

"पक्षी पाहू राह्यलो," मामा म्हणाले. मामा माणूस बघून बोली बदलतात.

"पाहा की मग. ते पाहा तिकडं, दोनशे असतील. माझा हरभरा खाऊ राह्यले."

ते पट्टकादंब हंस होते. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, चालण्यात सावकारी थाट. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी. त्याच्यासाठी लोक मुंबई-पुण्याहून लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन येतात. आणि इथं ते पाहुणे कोवळ्या घाट्यांवर ताव मारत होते. बाजेवरच्या काकांना त्यांच्या प्रवासाचं कौतुक सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पाणी उतरल्यावर निघालेली ही जमीन सरकारची. खातं ती गाळपेरीसाठी थोड्या मुदतीनं देतं. ज्याला मिळते तो पेरतो, ज्याला मिळत नाही तोही बऱ्याचदा पेरतो. गाळ इतका कसदार की खताचं नाव नको. पण जिथं नांगर फिरला तिथं तुतवारांना चिखल राहत नाही, आणि पाण्याबरोबर पुढं पुढं सरकणाऱ्या, पाणी उपसायच्या मोटारी दिवसभर घरघरत राहतात. माझं मत विचाराल तर हरभऱ्यापेक्षा मला त्या मोटारी जास्त खटकल्या. अभयारण्य म्हटल्यावर जी शांतता आपण गृहीत धरतो ती इथं भल्या सकाळची एक-दोन तास असते. नंतर थ्री-फेज विजेचं राज्य. काठावरून आत गेलेल्या काळ्या पायपा रस्त्यात आडव्या पडलेल्या, त्यामुळे दर पन्नास पावलांवर सायकल उचलायची. सपाट मुलखातले चढ-उतार ते एवढेच.

सोनवाडीच्या बाजूला एका शेतात धूर दिसला. हुरडा आता संपत आलेला, पण उशिरा पेरलेल्या ज्वारीची एक पट्टी त्यांनी राखून ठेवली होती. आगटीभोवती घरची माणसं बसली होती. बोलावलं. नको म्हणायची पद्धत म्हणून मी एकदा नको म्हटलं, तोवर मामा बसले होते. गोवरीच्या निखाऱ्यात कणसं खोचायची, हिरवट काळी झाली की काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं. बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. ओजसचे तळवे भाजले तरी तो थांबेना.

त्या घरच्या आजी बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या डांबरी रोडनं आले का?" हो म्हटलं. "तो आमच्या गावचा रोड. मी लग्न होऊन त्याच रोडनं आले, बैलगाडीत. तव्हा डांबर नव्हतं, खडी होती." गाव कुठं होतं विचारलं तर त्यांनी हातानं पाण्याकडे दाखवलं, नेमकी जागा दाखवावी तसं: तिथं मारुती, त्याच्या अलीकडं आड, आमचं घर आडाच्या खालच्या अंगाला. मला तिथं पाणीच पाणी दिसत होतं आणि त्यावर चांदवे. दुष्काळात पाणी फार खाली गेलं की पोरं जाऊन मारुतीला शेंदूर लावून येतात म्हणे. मामा एरवी धरणाबद्दल घडाघडा बोलतात. तेव्हा ते कणसं चोळत राहिले. थोड्या वेळानं आजींनीच विचारलं, "भाऊ, तुम्ही खात्यात होते ना? चेहऱ्यावरून वाटतं." सगळे हसले. मामाही. पुढं त्यांची बोलणी पाळीच्या तारखांवर गेली ती अर्धा तास.

दुपारी सराट्यानं माझं पुढचं चाक बसवलं. या भागात बाभळीचा काटा दिसतो तरी. सराटा दिसत नाही, आणि एक लागला असं कधी होत नाही, पाच-सात लागतात. मामांनी डबा काढला, टायर सोडवलं, ट्यूबमध्ये हवा भरून ती काठावरच्या पाण्यात धरली, बुडबुडे आले तिथं काडीनं खूण केली. कानस, सोल्युशन, ठिगळ. ओजसला ट्यूब कधी दुरुस्त करतात हेच माहीत नव्हतं, बदलतात एवढंच माहीत. त्या एका चाकाला चार ठिगळं लागली.

तोवर भोयांचा एक तराफा काठाला लागला. थर्माकोलच्या जाड तुकड्यांना गोणपाट गुंडाळून केलेला, त्यावर एक माणूस जेमतेम मांडी घालून बसतो. जाळ्यात चिलापी जास्त, रोहू थोडे, एक मरळ. पाण्यावर तरंगते सौरपट, म्हणजे सोलर पॅनेल, बसवायची योजना आहे, ती झाली तर जाळी कुठं टाकायची, हा त्यांचा विषय. वाफ होऊन जाणारं पाणी पट झाकून ठेवतील, असं मामा म्हणाले. "आणि मासा?" त्यानं विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही, मरळीचा भाव विचारला. ती मरळ आम्ही घेतली आणि रात्री खानावळीत सांगून रस्सा करून घेतला, बाजरीच्या भाकरीबरोबर. तिखट फार होतं, पण दिवसभर पायडल मारल्यावर तक्रार कोण करतो.

रविवार

सकाळी गावातल्या नाथवाड्यात गेलो. तिथला रांजण ओजसला दाखवायचा होता. श्रीखंड्या नाथांच्या घरी बारा वर्षं गोदावरीचं पाणी कावडीनं वाहत होता आणि तो साक्षात कृष्ण होता, ही गोष्ट त्याला पाठ आहे. तुकाराम बीजेपासून रांजण भरायला लागतात, लोक रांगेनं येऊन पाणी ओततात, आणि षष्ठीच्या सुमाराला तो भरतो. आज तो कोरडा होता. ज्या गावात देवानं पाणी वाहिलं त्याच गावातून आता मराठवाडाभर पाणी जातं, असं काहीतरी मामा पुजाऱ्यांना सांगत होते. पुजाऱ्यांनी हे आधी ऐकलेलं दिसलं.

ज्ञानेश्वर उद्यान आणि पैठणीची दुकानं आम्ही टाळली. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा तोही विषय नव्हता.

आपेगावला नदीच्या अंगानं गेलो. हे ज्ञानेश्वरांचं जन्मगाव, पैठणपासून बारा-तेरा किलोमीटर. ऊस तोडणी चालू असल्यामुळे मधे मधे ट्रॅक्टर लागतात, म्हणून कालच्यासारखी निवांत वाट ही नाही. तरी शेतांतल्या शिवरस्त्यांनी बराच पल्ला बिनागाडीचा काढता येतो, कुणाला तरी विचारत गेलं तर. धरणाच्या खाली गोदावरी पाहिली की वरचा पसारा कुणाचा हे कळतं: इथं ती मधेच डबकं, मधेच वाळू. आपेगावला उच्च पातळी बंधारा झाल्यापासून तिथं पाणी टिकतं. बंधाऱ्याच्या फुगवट्यात कवड्या खंड्या एका जागी पंख मारत थांबायचा आणि दगडासारखा पडायचा. काल एवढं अभयारण्य फिरून जो पक्षी इतक्या जवळून दिसला नाही तो इथं पंधरा हातांवर. मंदिरात दर्शन घेतलं, ओट्यावर बसून शिदोरी सोडली. ठेचा, भाकरी, कालच्या आजींनी बांधून दिलेला गूळ.

परतीला पुन्हा समोरून वारा. ओजसनं गिअर पाडले, मी दात आवळले, मामा उतरून सरळ हातात सायकल धरून चालायला लागले. "नोकरीत असंच करायचो," म्हणाले. "वारा असला की चालायचं. चालताना कालव्याची गळती जास्त दिसते."

कुणाला जायचं असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य धरा. त्याआधी गाळ ओला असतो आणि काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही. मार्चात ऊन आणि षष्ठीची गर्दी. भाड्यानं सायकल पैठणमध्ये मिळेल या भरवशावर जाऊ नका, आपली न्या. ठिगळाचा डबा, पंप, दोन जास्तीच्या ट्यूब. पाणी भरपूर, कारण चहूकडे पाणी असून पिण्याचं गावातच मिळतं. हंस बसलेल्या शेतात थांबण्याआधी शेत कुणाचं आहे ते बघून रामराम घाला. आणि मामांसारखं कुणी बरोबर असेल तर त्यांना पुढं जाऊ द्या. पायपा कुठं आहेत ते त्यांना आधी दिसतं.